एका पायाचं रूट कार्ड

प्रति,
आरोग्य योजनांचे नियम लिहिणारे आणि शस्त्रक्रियांना मंजुरी देणारे (किंवा न देणारे) अधिकारी यांस,

साहेब / मॅडम,
स. न. वि. वि.

मी टर्नर आहे. नऱ्ह्याच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं लेथ चालवतोय. पत्रं लिहायची सवय नाही. आमच्याकडे जे काय लिहायचं ते ड्रॉइंगवर लाल पेनने, तेही चार शब्दांत. तरी हे लिहायला बसलो, कारण गेल्या सोमवारी एका पोराचा फोन आला. चोवीस वर्षांचा आहे, मांजरीला राहतो, घरोघर पार्सल पोचवायचं काम करायचा. ड्रेसिंगच्या रांगेत आमची ओळख झाली. म्हणाला, "काका, माझं पण रिजेक्ट झालं. तुमच्या वेळी जे लिहिलं होतं ना, तेच लिहिलंय."

शब्दनशब्द तेच : या अवयवासाठी योजनेचा लाभ यापूर्वी घेतलेला आहे. म्हणजे पायात हाड भरायच्या पुढच्या शस्त्रक्रियेला मंजुरी नाही.

माझा पाय आता बरा आहे. उभा राहून काम करतो. माझ्यापुरतं प्रकरण मिटलंय आणि घरच्यांचं म्हणणं पडलं की आता कशाला उकरून काढायचं. पण दीड वर्षाने दुसऱ्या माणसाला तेच वाक्य मिळतं, म्हणजे ते कुणाच्या हातून चुकून गेलेलं नाही, नियमच तसा आहे. आणि नियम तुम्ही लिहिता. रुग्णालयाचं आणि योजनेचं नाव मी मुद्दाम घेत नाही. मला कुणाची नोकरी घालवायची नाही. मला ते वाक्य घालवायचंय.

आधी काय झालं ते सांगतो.

जून २०२४. पहिला पाऊस होऊन गेला होता, रस्ता तेलकट. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांना सांगायला नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एकाच रात्री कितीतरी गाड्यांचा चुराडा झाला होता. माझ्या वाट्याला एकच टेम्पो आला, मागून. एका बाजूला माझी गाडी, दुसऱ्या बाजूला दुभाजक आणि मधे माझा उजवा पाय. शुद्धीवर होतो. नडगीचं हाड चामडी फाडून बाहेर आलेलं दिसत होतं आणि त्याच्या टोकाला डांबर आणि खडीची कच चिकटली होती. जॉबवरची, म्हणजे मशिनवर घडवायच्या तुकड्यावरची, कच ब्रशने झटकायची बावीस वर्षांची सवय. तेव्हाही हात तसाच पुढे गेला, ते अजून आठवतं.

नडगी पुढून चाचपून बघा. हाताला थेट हाड लागतं. मधे मांस नाही, नुसती चामडी. म्हणून हे हाड जोरात मोडलं की उघडं पडायची भीती जास्त, आणि उघडं पडलं की घाण आत. पहिल्या आठवड्यात मला तीनदा ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. तिन्ही वेळा काम एकच : धुवायचं आणि मेलेलं काढायचं. ज्या हाडाला रक्त पोचत नाही ते जंतूंचं घर होतं, म्हणून डॉक्टर कडेला रक्त दिसेपर्यंत हाड छाटत जातात. छाटून संपलं तेव्हा मधे सात सेंटीमीटर काहीच नव्हतं. बाहेरून सळयांचा फिक्सेटर लावून वरचं आणि खालचं हाड एका रेषेत धरलं होतं, एवढंच. उघड्या जागेवर पोटरीचा स्नायू वळवून आणला, त्यावर मांडीची चामडी लावली.

मोडलेलं हाड आपलं आपण जुळतं हे खरं, पण सात सेंटीमीटरची दरी ते ओलांडत नाही. तिथे हाड आणून भरावं लागतं. रुग्णांच्या भाषेत 'हाड भरणं', डॉक्टरांच्या भाषेत बोन ग्राफ्ट.

माझ्यासाठी जो मार्ग निवडला तो मास्केले नावाच्या फ्रेंच सर्जनने १९८० च्या दशकात काढलेला. मोकळ्या जागेत आधी औषध कालवलेल्या सिमेंटचा ठोकळा बसवायचा. बांधकामाचं सिमेंट नव्हे, हे एक प्रकारचं ऍक्रेलिक असतं, घट्ट होताना गरम होतं. सहा ते आठ आठवडे तो ठोकळा आत ठेवायचा. तेवढ्यात शरीर त्याच्याभोवती एक पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेला पडदा विणतं. मग दुसऱ्या शस्त्रक्रियेत पडदा चिरून सिमेंट काढायचं, आणि कमरेच्या हाडातून खरवडलेला जाळीदार हाडाचा चुरा त्या पिशवीत भरून वरून पुन्हा शिवायचं.

डॉक्टर हे समजावत होते तेव्हा गणपती तोंडावर आले होते. माझी बायको म्हणाली, "म्हणजे पारी झाली की सारण भरायचं." डॉक्टर हसले आणि म्हणाले, "बरोबर वहिनी. आणि सारण दाबून भरायचं नाही." दाबून भरलं तर नव्या रक्तवाहिन्यांना आत शिरायला वाट राहत नाही. कमरेचंच हाड का, तर त्यात तीन गोष्टी एकत्र मिळतात : हाड बांधणाऱ्या जिवंत पेशी, त्यांना कामाला लावणारी रसायनं आणि चढायला परांची. दुसऱ्याचं साठवलेलं हाड किंवा कृत्रिम दाणे मुख्यतः परांची पुरवतात, कारागीर आपले आपणच आणावे लागतात.

हे सगळं एवढ्या तपशिलात लिहितोय, कारण मंजुरीच्या खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाला हे कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

आता आमच्या धंद्यातलं सांगतो. आमचा जॉब एका मशिनवर पुरा होत नाही. कटिंग, रफ टर्निंग, हीट ट्रीटमेंट, फिनिशिंग, ग्राइंडिंग. प्रत्येक जॉबसोबत एक कार्ड फिरतं, त्याला रूट कार्ड म्हणतात. सगळे टप्पे त्यावर पहिल्याच दिवशी छापलेले असतात, टप्पा झाला की सही. हीट ट्रीटमेंटहून परत आलेला जॉब बघून ग्राइंडरवाला म्हणाला, "हा तर एकदा मशिनवर चढला होता, आता पुन्हा कशाला?" तर मालक त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेणार नाही. कारण रफ करून सोडलेल्या जॉबला कुणी अर्धा जॉब म्हणत नाही. तो भंगारात जातो.

माझ्या पायाचं तुम्ही तेच केलंत.

पहिली तक्रार हीच. जुलैमध्ये सिमेंट बसलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी दुसऱ्या टप्प्याचे कागद पाठवले. सोबत एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, आणि स्वतःच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी की ही नवी शस्त्रक्रिया नाही, पहिलीचाच उरलेला अर्धा भाग आहे. अनंत चतुर्दशीला नकार आला. वर दिलेलं वाक्य. पुन्हा पाठवले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पाठवले तेव्हा "जास्तीची कागदपत्रं जोडा" एवढंच, कोणती ते नाही. मी कुबड्या घेऊन खेटे घालत होतो. धनकवडीहून बसने, उजवा पाय पुढे काढून, सळयांवर बायकोची जुनी ओढणी गुंडाळलेली, कारण लोक बघून दचकायचे.

खिडकीवरच्या मुलीचा दोष नाही. तिच्यापुढच्या स्क्रीनवर 'नडगी' या शब्दापुढे एकच रकाना होता आणि तो भरलेला होता. ती जे बोलली तेही वाईट हेतूने नाही. म्हणाली, "काका, कापायचं असतं ना, तर एका वेळेत बसलं असतं."

या वाक्यावर मी पुष्कळ रात्री घालवल्या. ती बोलली ते खरंच होतं. पाय कापणं हे एकदाचं काम आहे, एका रकान्यात मावतं. पाय वाचवणं मावत नाही.

गैरसमज नको. प्रत्येक पाय वाचवलाच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. कृत्रिम पाय लावून माझ्यापेक्षा चपळ चालणारी माणसं मी पाहिली आहेत. आपल्याच पुण्यात, वानवडीला, दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी १९४४ मध्ये कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं, ते आजही चालू आहे. अमेरिकेत आठ मोठ्या अपघात केंद्रांनी अशाच चेंदलेल्या पायांचे शेकडो रुग्ण वर्षानुवर्षं तपासले. २००२ मध्ये त्यांचं जे छापून आलं त्यात दोन वर्षांनंतर कापलेल्यांची आणि वाचवलेल्यांची अवस्था साधारण सारखीच निघाली. डॉक्टरांनी हे मला पहिल्याच आठवड्यात प्रामाणिकपणे सांगितलं आणि निर्णय माझ्यावर सोडला. मी म्हटलं, लेथवर दहा तास उभं राहायचंय, जमेल तेवढं स्वतःच्या पायावर बघू. म्हणजे निर्णय झाला होता, डॉक्टरांचा आणि माझा. त्यात तिसरा माणूस म्हणून तुमचा रकाना का आला, हे मला विचारायचंय.

आणि पैशाचंच म्हणाल, तर त्याच अभ्यासातल्या लोकांनी २००७ मध्ये आयुष्यभराच्या खर्चाचा अंदाज मांडला. पाय कापलेल्यांचा खर्च वाचवलेल्यांच्या सुमारे तिप्पट निघाला, कारण कृत्रिम पाय झिजतो, बदलावा लागतो, पुन्हा पुन्हा. तिथले भाव वेगळे, तिथले पाय महाग, आकडा इथे जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणत नाही. पण तुम्ही एकदा आपल्याकडचा हिशेब तरी मांडाल का? आम्हाला पाच रुपयांच्या बोल्टचं कॉस्टिंग काढायला लावतात हो.

दुसरी तक्रार वेळेची. सरकारने रस्ता अपघातातल्या जखमींसाठी मे २०२५ मध्ये कॅशलेस उपचारांची योजना आणली. दीड लाख रुपयांपर्यंत, अपघाताच्या दिवसापासून सात दिवस. चांगली आहे, मनापासून म्हणतो. माझ्या वेळी ती नव्हती, असती तर पहिल्या रात्री माझ्या भावाला ऍडव्हान्ससाठी फोन फिरवावे लागले नसते. त्या योजनेने जीव वाचतील. पण सातव्या दिवशी मी कुठे होतो? तिसऱ्यांदा धुऊन आणलं होतं. हाड छाटणं संपलेलं नव्हतं. माझ्या पायाचं खरं काम तेव्हा सुरूही झालं नव्हतं. सात दिवस संपल्यावर पुढची योजना तिथूनच हात धरेल अशी सोय तुम्ही केलेली नाही. मधे रुग्ण उघडा पडतो, त्याच्या हाडासारखाच.

शेजारच्या खाटेवरचं उदाहरण घ्या. सासवडकडचा एक शेतकरी होता, ट्रॅक्टर उलटलेला. त्याला इलिझारोव्हची रिंग लावली होती. सायबेरियातल्या कुर्गान गावच्या इलिझारोव्ह नावाच्या डॉक्टरने १९५० च्या दशकात बसवलेली ही पद्धत. उंच उडीतला ऑलिंपिक विजेता व्हालेरी ब्रुमेल १९६५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात पायाने अधू झाला होता, कितीतरी शस्त्रक्रिया फुकट गेल्यावर याच डॉक्टरने त्याचा पाय उभा केला. यात हाड भरत नाहीत, वाढवतात. चांगल्या भागात हाड कापून तो तुकडा रोज थोडा थोडा सरकवायचा, मागे नवं हाड तयार होत जातं. दिवसाला एक मिलिमीटर, तोही चार वेळा पाव-पाव.

त्याच्या मुलाला नट फिरवायची भीती वाटायची, उलटा फिरला तर? मी रिंग जवळून पाहिली आणि मला हसूच आलं. एम-सिक्सची थ्रेडेड रॉड. पिच एक मिलिमीटर. म्हणजे नट पूर्ण एक फेरा फिरला की बरोबर एक मिलिमीटर, पाव फेरा म्हणजे पाव मिलिमीटर. पाना दहा नंबरचा, स्कूटरच्या टूलकिटमधला असतो तोच. मी नटाच्या एका पैलूवर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि पोराला म्हटलं, ठिपका बघ आणि फिरव. पुढचे दोन महिने अख्ख्या वॉर्डातले रिंगवाले नातेवाईक माझ्याकडे पाना घेऊन यायचे. आजारपणातला तेवढाच काय तो मान.

आता हिशेब बघा. सात सेंटीमीटरची दरी असेल तर नुसतं सरकवायलाच सत्तर दिवस. मग ते कोवळं हाड कडक व्हायला त्याच्या दुप्पट किंवा जास्त. आणि सरकत आलेला तुकडा जिथे खालच्या हाडाला येऊन टेकतो, तिथे तो पुष्कळदा आपण होऊन जुळत नाही, कमरेचं थोडं हाड आणून भरावंच लागतं. त्या शेतकऱ्याला रिंग लावण्याची मंजुरी मिळाली होती. टेकलेल्या जागी हाड भरायची मिळाली नाही. कारण तुम्हाला माहीत आहे. यापूर्वी लाभ घेतलेला आहे.

तिसरी तक्रार उशिराची किंमत कुणी मोजत नाही ही. सहा ते आठ आठवड्यांचं सिमेंट माझ्या पायात पाच महिने राहिलं. फिक्सेटरच्या सळयांच्या तोंडाशी दोनदा पू झाला, अँटिबायोटिकचा कोर्स दोनदा. घोटा आखडला तो अजून पुरता सुटला नाही, उकिडवं बसता येत नाही. पंचेचाळिशीच्या माणसाला गावाकडे गेल्यावर याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. हा सगळा खर्च कुठल्या रकान्यात धरायचा?

चौथी, मधल्या माणसाची. माझा पगार तेवीस हजार. कामगार विमा योजनेची मर्यादा एकवीस हजार, म्हणून मी त्यातून बाहेर. दोन हजार रुपये जास्त मिळवल्याची ही शिक्षा. बरं, धर्मादाय रुग्णालयांना कायद्याच्या कलम ४१ कक खाली १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख ६० हजार. माझं उत्पन्न वर्षाला २ लाख ७६ हजार. सरळ बसत होतो की मी! पण हे मला कळलं पाचव्या महिन्यात, तेही त्याच सासवडच्या शेतकऱ्याच्या मेव्हण्याकडून. रुग्णालयात फलक लावलेला होता. गार पाण्याच्या मशिनच्या मागे. पाणी पिताना वाकलं तर दिसायचा, आणि मला वाकता येत नव्हतं.

शेवटी डिसेंबरमध्ये त्या निम्म्या दराच्या सवलतीत माझं हाड भरलं. उरलेल्या पैशांसाठी बायकोच्या पाटल्या गेल्या, भिशी मधेच मोडली, मालकाने ऍडव्हान्स दिला. तो मी अजून फेडतोय. कमरेच्या दोन्ही बाजूंनी हाड काढलं. लोक पायाचं विचारतात, पण पहिले पंधरा दिवस पायापेक्षा कंबर जास्त दुखली. शिंक आली की डोळ्यांपुढे अंधारी. तिसऱ्या महिन्याच्या एक्स-रेमध्ये पांढुरका ढगासारखा डाग दिसला, सहाव्या महिन्यात त्याला कडा आल्या. २०२५ च्या दिवाळीनंतर लेथवर उभा राहिलो. पहिला जॉब रिजेक्ट झाला, हात बसला नव्हता.

स्वतःचीही चूक लिहायला हवी. मी तंबाखू खायचो, दिवसाला चार पुड्या. डॉक्टर म्हणाले, निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, मी कमरेतून सोनं आणून भरलं तरी ते धरणार नाही. सुटली, पण कशीबशी, आणि कुणाच्या मदतीने म्हणाल तर बायकोच्या शिव्यांच्या. हाड भरायच्या प्रत्येक रुग्णामागे तंबाखू सोडवणारा एक समुपदेशक दिला तर तुमचेच पैसे वाचतील.

पाचवी गोष्ट हाडाच्या पेढीची. कमरेचं हाड मर्यादित असतं. दरी मोठी असली, किंवा एकदा भरलेलं धरलं नाही, तर दुसऱ्यांदा काढायला जागा उरत नाही. तेव्हा दान केलेलं हाड आपल्या हाडात मिसळून पुरवायचं असतं. रक्तपेढीसारखीच हाडांचीही पेढी असते. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयातली ऊतीपेढी १९८८ पासून चालू आहे. अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा २०११ मध्ये दुरुस्त झाला तेव्हा त्यात ऊतीही आल्या, हाडासकट. म्हणजे कायदा आहे. मालही आहे : खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाचा वरचा गोळा काढून टाकतात. संमती घेतली, एचआयव्ही, कावीळ वगैरेच्या चाचण्या केल्या, उणे सत्तर-ऐंशी अंशांवर गोठवला, तर तो दुसऱ्याच्या कामी येतो. नाहीतर पिवळ्या पिशवीत भरून जाळायला जातो. पुण्यात खुब्याच्या किती शस्त्रक्रिया होतात ते तुम्हाला ठाऊक असेल. माझ्या सासूबाईंची गेल्या वर्षी झाली. त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, घ्या बाबा, मला काय त्याचं लोणचं घालायचंय?

अपंगत्वाच्या दाखल्याचं फार लांबवत नाही. "उपचार संपल्यावर या" म्हणाले. उपचार दीड वर्ष चालले. अवस्था बदलण्यासारखी असेल तर ठरावीक मुदतीचा दाखला देता येतो, तशी तरतूद नियमांत आहे. नियम वाचून दाखवायला माझ्या मुलीला, बारावीतल्या पोरीला, जावं लागलं.

मागण्या साध्या आहेत.

हाताचं-पायाचं हाड गमावलेल्या प्रत्येक जखमीसाठी पहिल्या मंजुरीच्या वेळीच सगळ्या टप्प्यांची एकत्र मंजुरी द्या : धुणं, मांस झाकणं, सिमेंट किंवा रिंग, हाड भरणं, सळया काढणं, फिजिओथेरपी. सर्जनने टप्पे लिहायचे, तुम्ही त्यावर एकदाच सही करायची, मुदत दोन वर्षं. भरलेलं हाड धरलं नाही तर पुन्हा भरण्याचाही त्यात समावेश असू द्या, कारण तसं होतं, आणि ती दर वेळी रुग्णाची चूक नसते. हेच रूट कार्ड. फसवणुकीची भीती वाटत असेल तर प्रत्येक टप्प्यावर एक्स-रे मागा, तपासा, आमची ना नाही. अपघाताचे सात दिवस संपतील त्या दिवशी पुढच्या योजनेचं कार्ड उघडलेलं असलं पाहिजे. ते उघडून घ्यायची जबाबदारी रुग्णालयाची, कुबड्यांवरच्या माणसाची नाही.

नकार द्यायचा तर द्या. पण मराठीत द्या, कारण लिहा, आणि तो ठरवणारा डॉक्टर कुठल्या शाखेचा आहे तेही लिहा. हाडाच्या केसचा निकाल हाडाच्या डॉक्टरनेच द्यावा, यात काही जास्त मागतोय असं मला वाटत नाही. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर मंजुरी समजावी. सिमेंट वाट बघत नाही.

नोंदणी असलेल्या हाडांच्या पेढ्यांची यादी प्रत्येक अपघात विभागाच्या भिंतीवर लावा, आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रात एक ओळ वाढवा : काढलेलं हाड दान करायचं का. निम्म्या दराच्या सवलतीचा फलक पाण्याच्या मशिनमागून काढून बिलिंगच्या खिडकीवर आणा. पहिल्या दोन दिवसांत समाजसेवा अधीक्षकाने खाटेजवळ येऊन नातेवाइकांना विचारलं पाहिजे, रेशनकार्ड कुठलं, पगार किती.

मी पुण्यातच आहे. बोलावलंत तर येईन, एक्स-रेची पिशवी घेऊन, पहिल्यापासून शेवटपर्यंत लावलेली आहे. पण आधी मांजरीच्या त्या पोराचं बघा. त्याचे कागद तुमच्याच टेबलावर परत आलेत. त्याच्या पायातल्या सिमेंटला आज अकरावा आठवडा लागला.

आपला,
एक टर्नर
नऱ्हे, पुणे